डिजिबीटा डेक घेताय? समोर रेकॉर्ड करून दाखवला तरी विश्वास ठेवू नका

डिजिबीटा म्हणजे डिजिटल बीटाकॅम, टीव्हीवाल्यांचा जुना व्हिडिओ टेपचा फॉरमॅट, आणि डेक म्हणजे ती टेप रेकॉर्ड करायचं आणि वाजवायचं मशीन. असा सेकंडहँड डेक घेऊन मी फसलो, त्याचा आधी आकडा सांगतो. 1,45,700 रुपये. त्यात मशीनचे 1,35,000, टेम्पोचे 4,200 आणि नंतर इंजिनियरला दाखवायचे 6,500. काम देणाऱ्या पार्टीला परत केलेला 30,000 चा ॲडव्हान्स वेगळा, तो यात धरत नाही.

जुनं व्हिडिओचं सामान विकणारे कसे असतात ते तुम्हाला माहितीच आहे. फोटो एका मशीनचा, माल दुसरा, "चॅनेलमधून निघालेलं आहे साहेब, एसीमध्ये होतं", "अजून दोन गिऱ्हाईकं लायनीत आहेत, टोकन टाका". मला हे सगळं माहिती होतं, म्हणूनच नुसत्या फोटोवर पैसे न टाकता मी पुण्याहून मुंबईला गेलो, मशीन चालू करायला लावलं, रेकॉर्ड करून दाखवायला लावलं. आणि नेमका तिथेच गंडलो, सगळं डोळ्यांसमोर चालू असताना.

माझा लहानसा स्टुडिओ आहे, एडिटिंग आणि जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम. एका नाट्यसंस्थेकडे बीटाकॅम एसपी आणि डिजिबीटा मिळून 46 टेप होत्या, टेपमागे 1,800 ठरले. भाड्याने डेक मिळणं आता अवघड झालंय, मिळाला तर रोजचं भाडं ऐकून काम परवडत नाही, म्हणून म्हटलं एक डेक घेऊनच टाकू. पाहिजे होता सोनीचा डीव्हीडब्ल्यू-ए500पी. त्यातला 'ए' महत्त्वाचा, ए वालं मशीन डिजिटल बीटाकॅम तर वाजवतंच पण जुनी ॲनालॉग बीटाकॅम एसपीही वाजवतं, म्हणजे दोन्ही कामं एकात. एका जमान्यात मुंबईत सीरियलचे एपिसोड आणि जाहिराती याच निळ्या कॅसेटवर चॅनेलला जायच्या, टेप टेक्निकल चेकमधून परत आली की प्रोड्यूसरचं बीपी वाढायचं. 1993 सालचा फॉरमॅट, पण चित्र 10 बिटचं आणि आवाजाचे चार चॅनेल, 48 किलोहर्ट्झ, 20 बिट. माल भारीच होता, त्यात वादच नाही. पण सोनीने 2016 च्या मार्चमध्ये या हाफ इंच टेपच्या मशीनची विक्री बंद केली, त्यामुळे आता जे काही आहे ते सगळं सेकंडहँड आणि सगळं दलालांच्या हातात.

दलालाने व्हॉट्सॲपवर अवर मीटरचा, म्हणजे मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या आकड्याचा, फोटो पाठवला, 412 तास. डिजिबीटाच्या डेकला 412 तास म्हणजे जवळपास नवीनच. मी 25,000 टोकन यूपीआयने टाकलं. आता इथे लोक म्हणतील टोकन टाकलंच कशाला, तर भाऊ, टोकन नाही टाकलं तर हे लोक मशीन बघूच देत नाहीत, या लाइनमध्ये सगळे असंच करतात.

तो 412 चा आकडा एच 12 चा होता. हे ज्याला डेक घ्यायचाय त्याने भिंतीवर लिहून ठेवा. या मशीनमध्ये दोन जातीचे मीटर असतात. एच 01 ते एच 04 हे कायमचे, म्हणजे मशीन किती तास चालू होतं, ड्रम (टेप लिहिणारी-वाचणारी हेड ज्याच्यावर बसवलेली असतात तो फिरता भाग) किती फिरला, टेप किती चालली, टेप किती वेळा आत ओढली गेली. आणि एच 12, 13, 14 हे तेच हिशोब, पण सर्व्हिसवाल्याच्या सोयीसाठी शून्य करता येणारे. ड्रमचा खरा आकडा एच 02 मध्ये असतो. माझ्या मशीनचा एच 02 नंतर बघितला तर 6,874 तास. फोटो काढताना त्याने एच 12 हे अक्षर अंगठ्याने अर्धं झाकलं होतं आणि मला वाटलं हात चुकून आला असेल.

आता त्या डेमोचं सांगतो, कारण राग त्याचाच जास्त येतो.

दलालाच्या गाळ्यात डेक टेबलावर, बाजूला ब्रॉडकास्ट मॉनिटर, एसडीआयने (डिजिटल व्हिडिओची केबल) कॅमेरा जोडलेला, माइक चॅनेल एकला. मी माझी एक टेप बरोबर नेली होती, 2003 ची, दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड केलेली, मुद्दाम नेली होती. बॅगेतून काढली तर दलाल लगेच म्हणाला, "अहो साहेब, जुन्या टेपला बुरशी असते, हेडला लागली तर ड्रम गेला समजा, त्याचे पैसे कोण देणार? मी तुम्हाला कोरी टेप टाकून दाखवतो ना." पन्नाशी-साठीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, मी त्याला काका काका म्हणत होतो. आणि बुरशीचं त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, बुरशीची टेप खरंच हेड खराब करते, मी स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगतो. म्हणून टेप परत बॅगेत ठेवली.

मग त्याने कोरी टेप टाकली, रेकॉर्ड आणि प्ले एकदम दाबलं, लाल दिवा लागला, मॉनिटरवर माझंच तोंड, आवाजाचे मीटर नाचतायत, "हॅलो हॅलो एक दोन तीन". पहिली गोष्ट म्हणजे रेकॉर्ड चालू असताना मॉनिटरवर दिसतं ते टेपवरचं चित्र असेलच असं नाही. ई-ई मोड असेल तर आत आलेला सिग्नल तसाच बाहेर येतो, टेप आत असो वा नसो. या मशीनमध्ये लिहिता लिहिता लगेच टेपवरून वाचणारी हेड असतात, कॉन्फिडन्स प्लेबॅक म्हणतात त्याला, ते लावायला सांगा. मला ई-ई माहिती होतं हो, वीस वर्षं याच लाइनमध्ये आहे, म्हणून तर मी म्हटलं रिवाइंड करून प्ले करा. त्याने केलं. चित्र स्वच्छ. एक ब्लॉक नाही, काही नाही.

पण आवाजात दोनदा 'टक' झालं. "तीन" म्हणालो त्याच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा. आणि त्याच वेळी समोरचा चॅनेल कंडिशनचा दिवा पिवळा होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सिग्नल बिघडायला लागलाय, लाल म्हणजे संपलं. कोऱ्या टेपवर, त्याच मशीनवर आत्ता रेकॉर्ड केलेल्या गोष्टीला पिवळा लागायचं काहीच कारण नाही. मी विचारलं तर "माइकची वायर लूज आहे, आणि मशीन थंड आहे, अर्धा तास तापू द्या, हिरवा होतो". चहा आला. मी चहा प्यायलो.

तो टक अजून कानात आहे माझ्या. डिजिटल टेपचा हाच वैताग आहे, ॲनालॉग मशीन खराब झालं की चित्रात रेघा दिसतात, कळतं. डिजिटलवाला चुका आतल्या आत दुरुस्त करत बसतो, दुरुस्त नाही झाली तर आजूबाजूच्या चित्रावरून भोक बुजवतो आणि तुम्हाला वरून सगळं झकास दिसतं. आवाजात मात्र एखादा टक निसटतो. म्हणून हेडफोन घेऊन जा, चारही चॅनेल एकेक करून ऐका, 1 किलोहर्ट्झचा टोन रेकॉर्ड करून ऐका, बोलण्यात टक लपतो, टोनमध्ये लपत नाही.

उरलेल्यापैकी 50,000 बँकेतून दिले आणि 60,000 रोख. बिल? "बिल पाहिजे तर 18 टक्के वर लागतील." मग कोण घेतंय बिल. तुम्ही घेतलं असतं का, खरं सांगा. आता सांगतो, घ्या. त्या 18 टक्क्यांपायी पुढे काय झालं ते वाचा.

पुण्यात आणलं, दोन माणसांनी मिळून वर चढवलं, नाट्यसंस्थेची पहिली टेप टाकली आणि मॉनिटरवर नुसते चौकोन. दुसरी टाकली, चौकोन आणि आवाज म्यूट. माझी 2003 वाली टाकली, तेच. त्याच्याकडची कोरी टेप, जिच्यावर माझं तोंड होतं, ती टाकली तर मस्त चालते. मला वाटलं आमच्याच टेप सडल्या असतील. मग ओळखीतल्या एका जुन्या ब्रॉडकास्ट इंजिनियरला 6,500 देऊन बोलावलं. त्याने झाकण उघडलं, ऑसिलोस्कोप लावून बघितलं आणि हसला. टेप ड्रमवरून जाते तिथले गाइड हलवलेले, ड्रम झिजलेला, अलाइनमेंट टेप, म्हणजे मशीन जुळवायची मापाची टेप, लावून कुणी काही केलंच नव्हतं. डिजिबीटामध्ये टेपवर तिरप्या बारीक रेषा लिहिल्या जातात, हे मशीन त्या वाकड्या लिहीत होतं आणि तेवढ्याच वाकड्या वाचत होतं. डॉक्टरला स्वतःचं अक्षर वाचता येतं तसं. म्हणून त्याचा डेमो कायम पास होणार. दुसऱ्या कुठल्याही मशीनची टेप त्याला वाचता येणार नाही आणि याची टेप दुसऱ्या कुठल्या मशीनला वाचता येणार नाही. बीटाकॅम एसपी तर लांबच राहिलं.

म्हणजे त्याला पक्कं माहिती होतं. बुरशीचं कारण त्यासाठीच तयार होतं. बाहेरची टेप टाकूच दिली नाही तर पकडणार कसं?

फोन केला तर आधी "तुमच्या टेम्पोत धक्के बसले असतील", मग "सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते", मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं कसलं मशीन, मी सांगितलं व्हिडिओ रेकॉर्ड करायचा डेक, तर म्हणे व्हीसीआर का? व्हीसीआरला सव्वा लाख दिले तुम्ही? बाजूचे दोघं हसले. मी टेप, ड्रम, अलाइनमेंट समजावत बसलो, एच 02 आणि एच 12 चे फोटो दाखवले, त्यांनी फोन हातात पण घेतला नाही. शेवटी उत्तर असं की व्यवहार मुंबईत झाला, तिकडे जा. झीरो एफआयआर म्हणून एक प्रकार आहे, हद्द नसली तरी तक्रार घ्यावी लागते, असं म्हटलं तर "वकील आहात का?" मुंबईला गेलो तर तिथे हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. अरे बाबा, मीटर शून्य करून, आकडा झाकून माल विकला, ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत 318 कलम कशाला ठेवलंय? अर्जावर शिक्का मारून दिला, तोही मागे लागल्यावर.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे तुम्ही प्रत्यक्ष जाऊन बघून घेतलंय, हे सायबरमध्ये येत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, पैसे तुम्हीच पाठवले, आम्ही काय करणार. ग्राहक आयोगाचं विचारलं तर पहिला प्रश्न बिल कुठंय, दुसरा प्रश्न धंद्यासाठी घेतलं का, धंद्यासाठी असेल तर तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सवलत आहे, 2019 च्या कायद्यात तसं आहे, पण ते सिद्ध करत बसा. आणि 60,000 रोख दिले त्याचा पुरावा? काही नाही. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने मी फक्त 75,000 ला फसलोय. बाकीचे माझे मी कुठेतरी उडवले असणार. प्रत्येक टेबलावर बसलेला माणूस बरोबर असतो आणि चुकलेला एकटा मीच, अशी यांची रीत.

घ्यायचाच असेल डेक तर बाहेरची टेप टाकू देत नाही तिथून उठा, चहा पण पिऊ नका. त्याच्यासमोर रेकॉर्ड केलेली टेप घेऊन या आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनवर वाजवून बघा, मगच उरलेले पैसे. मेनूत जाऊन एच 02 स्वतः काढा. डेमो मोबाइलवर शूट करा, दिव्यासकट. ओळखीचा इंजिनियर बरोबर न्या, 6,500 आधी दिले असते तर 1,35,000 वाचले असते. तुळशीची माळ वगैरे बघू नका.

इंजिनियर म्हणतो चांगला ड्रम मिळाला तरी बसवणं आणि अलाइनमेंट मिळून मशीनच्या किमतीएवढा खर्च, आणि ड्रम मिळणार तोही कुणाच्या तरी मेलेल्या मशीनचाच. भंगारवाल्याने 9,000 सांगितलेत. नाट्यसंस्थेचं काम दुसरीकडे गेलं.

आणि परवा मित्राने एक जाहिरात पाठवली. तोच गाळा, तेच टेबल, दुसरा ए500पी, किंमत 1,28,000, मीटरच्या फोटोवर परत तोच अंगठा. खाली लिहिलंय, रेकॉर्ड करून दाखवू. नंबर बदललाय, पण फोटोत मागच्या भिंतीला निळा पत्रा आणि डाव्या कोपऱ्यात तुटका प्लग पॉइंट दिसला तर समजून जा.