मुखत्यारपत्र आणि लिव्हिंग विल: एका वकीलबाईंच्या सेवेविषयी

मी अंथरुणाला खिळले तर पैशांचे आणि उपचारांचे निर्णय कोणी घ्यावेत, याची कागदपत्रे मी नुकतीच एका वकीलबाईंकडून करून घेतली. पुतणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले की मी बेशुद्ध असतानाही ती माझे व्यवहार पाहू शकेल, अशी माझी समजूत होती. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की त्याने दिलेले अधिकारही संपतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो आणि पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयात जावे लागू शकते, हे बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. घरखर्चाचे खाते पुतणीसोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे दोघींपैकी कोणीही एकटीने चालवू शकेल असे, संयुक्त करण्याचा सल्लाही त्यांचाच. काम हातचे जाईल याची पर्वा न करता त्या खरे बोलल्या, याचे मला फार मोल वाटते.

लिव्हिंग विल म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसताना कोणते उपचार नकोत आणि ते कोणी सांगावे, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्याच्या वेळी वकीलबाईंनी पुतणीला समोर बसवून विचारले, “काकूंचा व्हेंटिलेटर काढा, असे डॉक्टरांना सांगायची वेळ आली तर तुमच्याने सांगवेल का?” ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, “सांगेन, पण दादा सोबत हवा.” त्यामुळे पुतण्याचेही नाव घातले, एकाहून अधिक नावे देता येतात. हा प्रश्न मी स्वतः तिला कधीच विचारू शकले नसते.

उणीव मात्र गंभीर होती. कच्च्या मसुद्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची जागा होती. ती अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती बदलली आणि आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. मी दाखवल्यावर मसुदा त्याच दिवशी दुरुस्त झाला, परंतु ज्या अशिलाला हे ठाऊक नसेल त्याला न्यायालयात विनाकारण खेटे घालावे लागतील. प्रती पोचवण्याचे कामही कार्यालय करत नाही. दोघा भावंडांना, आमच्या फॅमिली डॉक्टरांना आणि पालिकेतील अधिकाऱ्यांना प्रती मीच नेऊन दिल्या.