ओक ट्री रोडवरची गणपती खरेदी, मूर्ती एक नंबर, मोदक ठीकठाक

न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका दुकानातून यंदा पेणची शाडूची मूर्ती घेतली, छोटीशीच, पण डोळ्यांची आखणी इतकी सुबक की बघतच राहावं. मूर्ती बोटीने येतात त्यामुळे काका बुकिंग महिनोन् महिने आधी घेतात, उशीर केलात तर उरलंसुरलं पदरात. विसर्जन घरीच बादलीत केलं, दुसऱ्या दिवशी माती तळाला बसलेली, ती कुंडीत टाकली. दुर्वा मात्र पिवळ्या पडलेल्या आणि केवड्याचं तर नावच काढू नका. फ्रोजन उकडीचे मोदक, सारण मस्त, गूळ-वेलची बरोब्बर, पण पारी जाड आणि वाफवल्यावर चिरते, त्यापेक्षा पिठी आणून घरीच उकड काढा. विकेंडला पार्किंग मिळालं तर बाप्पाचीच कृपा.