शेनिल मिट: पिवळ्या स्पंजला सुट्टी द्यायची का?

गाडी धुताना रंगाच्या पृष्ठभागासाठी द्यावीच. शेनिल मिट म्हणजे हातात मोज्यासारखं घालून गाडी धुण्याचं, शेंगांसारखे जाड मऊ झुबके असलेलं मिट. साध्या स्पंजचा तळ सपाट असतो. मातीचा कण त्याच्या आणि रंगाच्या मध्ये अडकला की तो आत जात नाही, तिथेच घासला जातो. काळ्या बॉनेटवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुतेक असेच पडतात. शेनिलच्या मऊ मायक्रोफायबर शेंगांमध्ये कण वर सरकतो, रंगापासून लांब राहतो. पण तो तिथेच बसूनही राहतो, हे विसरू नका. म्हणून दोन बादल्या: एकीत शाम्पूचं, दुसरीत साधं पाणी, प्रत्येकी १०-१२ लिटर. एक पॅनल (दार, बॉनेट असा गाडीचा एक भाग) झालं की मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. त्याआधी पाइपने चिखल उडवून घ्या. पावसाळ्यात तर हे टाळूच नका.

घेताना मनगटाचं इलॅस्टिक आणि अंगठ्याची शिवण ओढून बघा, स्वस्त मिट तिथेच उसवतं. आतला कडक टॅग कापून टाका. लोकरीचं मिट आणखी मऊ, पण दमट हवेत लवकर कुबट होतं, त्यामुळे कोकणात नकोच.

चाकांचं मिट वेगळं ठेवा. ब्रेकची धूळ शेंगांच्या मुळाशी रुतते. जमिनीवर पडलेलं मिट त्या दिवशी बाद. धुताना ४० अंशांपेक्षा कमी गरम पाणी, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही (तंतूंवर थर बसतो), आणि सुती टॉवेल सोबत नको, त्याचं लिंट (सुटे तंतू) चिकटतं. उलटं करून सावलीत वाळवा.