‘रिअल मर्डर्स’ : गाव झकास, खुनी कच्चा

या वेळी आमच्या वाचनगटाने शार्लेन हॅरिस यांची ‘रिअल मर्डर्स’ (१९९०) घेतली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतली हलकीफुलकी रहस्यकथा म्हणून ती पैकीच्या पैकी उतरते. कोडं म्हणून मात्र काठावर पास.

जॉर्जियातलं लॉरेन्सटन हे काल्पनिक गाव. अटलांटा पसरत वेशीपर्यंत आलंय, तरी इथे कोणाचं काय चाललंय हे अजून सगळ्यांना ठाऊक असतं. २८ वर्षांची ग्रंथपाल अरोरा टीगार्डन, म्हणजे ‘रो’, एका मंडळाची सभासद आहे. बाराजण दर महिन्याला जमून जुन्या, खऱ्या खुनांवर चर्चा करतात. ज्या रात्री रो वॉलेस प्रकरणावर बोलणार, त्याच रात्री सभागृहाच्या स्वयंपाकघरात एका सभासद बाईचं प्रेत सापडतं, तेही ज्युलिया वॉलेससारखं मांडून ठेवलेलं! पुढचे हल्लेही जुन्या प्रकरणांच्या नकलाच. म्हणजे ज्यांना खुनांची सगळ्यात जास्त माहिती, तेच सगळे संशयित.

पुस्तक उघडण्याआधी वॉलेस प्रकरण जरूर चाळा. जानेवारी १९३१, लिव्हरपूल. विमा एजंट विल्यम वॉलेसला त्याच्या बुद्धिबळ क्लबवर कोणा ‘क्वाल्ट्रो’चा फोनवरून निरोप येतो : उद्या संध्याकाळी २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे भेटा. असा पत्ताच नसतो. तो शोधून घरी परततो तर बायको ज्युलियाचा खून झालेला. त्याला फाशीची शिक्षा होते, मे महिन्यात अपिलात ती रद्द होते आणि खुनी कायमचा अज्ञात राहतो. हे माहीत असेल तर प्रेत पाहून रोला जो धक्का बसतो, तो आपल्यालाही बसतो.

सुरुवातीलाच नावांची रांग लागते आणि इथेच बरेच वाचक गळतात. कागदावर तीन रकाने आखा : नाव, व्यवसाय, खुनाचं कारण. तिसरा रकाना जवळपास शेवटपर्यंत कोरा राहतो, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. उलगडा झाल्यावर मागची पानं चाळली तरी कारणाचे धागे पुरेसे हाती लागत नाहीत. निवेदन रोचं, आणि तिचं अर्धं लक्ष पोलीस आर्थर आणि नवा भाडेकरू, रहस्यकथालेखक रॉबिन यांच्यात वाटलेलं. त्यामुळे खुनी कोपऱ्यात राहतो.

मजा आहे ती शिष्टाचारात. शेजारी खुनी असेल असा संशय असला तरी त्याच्याशी गोडच बोलायचं! रोची आई एडा, घरं विकण्याच्या धंद्यातली, कायम टापटीप. ती आली की बुटकी, चष्मेवाली रो आणखी बुटकी होते. रक्तपात बेताचा. वर्णभेदाचा प्रश्न मात्र जेमतेम डोकावतो. दक्षिणेतल्या गावासाठी हे फारच सोयीचं वाटलं.

गटात वाचणार असाल तर दोन बैठका करा. पहिली, गोष्टीत चॉकलेटचा डबा येतो तिथपर्यंत. तिथे थांबून प्रत्येकाने संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं, नाहीतर शेवटी सगळेच ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणतात. हॉलमार्क या अमेरिकी टीव्ही वाहिनीचा याच पुस्तकावरचा २०१५ चा चित्रपट नंतरच पाहा. त्या चित्रपटमालिकेत क्रम उलटा आहे : ‘अ बोन टू पिक’ आधी आला, पुस्तकांत तो दुसरा (१९९२). त्यात रोला वारशात घर मिळतं आणि घरात एक कवटी. माणसं कमी, वीण घट्ट. पहिलं पुस्तक अर्ध्यात सोडलेल्यांनी थेट तेच उचललं तरी चालेल.