रामा की रिफॉर्म? मुलांचा ज्यू समर कॅम्प निवडताना

अमेरिकेतल्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंच्या घरात मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की हा विषय निघतोच. जूनमध्ये शाळा सुटते, सिनेगॉगमधली बाकीची मुलं कॅम्पला निघतात आणि कुणीतरी विचारतं, "तुमची कुठे जाणार?" आमची मुलगी आधी रिफॉर्म या ज्यू धर्मातल्या मोकळ्या वळणाच्या चळवळीच्या एका कॅम्पला गेली आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून रामाला, म्हणजे परंपरा जास्त पाळणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीच्या कॅम्पला जाते. दोन्ही जवळून पाहिल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मला विचारत असतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच सविस्तर लिहितो.

तळं, होड्या, तिरंदाजी, शेकोटी आणि शेवटच्या आठवड्यातली रंगांच्या संघांची चुरस दोन्हीकडे आहे. त्यावरून काही ठरवू नका. घरात ऑर्थोडॉक्स रीत काटेकोर पाळली जात असेल तर बने अकिवा या युवक संघटनेचे मोशावा कॅम्प आहेत, आणि मग पुढचं वाचायची तुम्हाला फारशी गरज नाही. हबोनिम द्रोर या युवक संघटनेचे कॅम्प किबुत्झच्या, म्हणजे इस्रायलमधल्या सामूहिक वसाहतींच्या वळणावर चालतात. तिथे मुलं कामं वाटून घेतात, वरखर्चाचे पैसेही सगळ्यांचे एकत्र ठेवतात. तो विचार मला मनापासून आवडतो, पण आम्हाला रोजची प्रार्थना हवी होती. त्यामुळे उरले दोनच. कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीचं रामा, जे 1947 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कॉनोव्हरला सुरू झालं, आणि रिफॉर्म चळवळीचे कॅम्प, ज्यांची सुरुवात त्याच राज्यात ओकोनोमोवॉकला 1952 मध्ये झाली. आज दोघांचेही कॅम्प देशभर पसरलेले आहेत.

प्रार्थनेपासून सुरुवात करतो, कारण घरोघरी पहिला प्रश्न तोच असतो. मी ठाण्याचा, टेंभी नाक्यावरच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये वाढलो. शनिवारी घरात चूल पेटायची नाही. त्यामुळे रिफॉर्म कॅम्पच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गिटार ऐकून मी आधी थोडा बिचकलो. पण मुलगी तिथून परत आली ती गाणी गुणगुणतच, आणि इंग्रजीतून का होईना, शेमा या मुख्य प्रार्थनेचा अर्थ तिला पहिल्यांदा तिथेच कळला. हे श्रेय त्या कॅम्पचं आहे. रामामध्ये सकाळची प्रार्थना रोज, बरीचशी हिब्रूतून. जेवणानंतरची आभाराची प्रार्थना, बिरकत हामाझोन, अख्खी, टेबलं बडवत. शब्बाथला वाद्य नाही, फोटो नाही. मुलं-मुली एकत्र बसतात आणि मुलीही सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, वाचतात. माझ्या आईला हे पटायला बराच वेळ लागला. नात फोनवर न अडखळता वाचून दाखवायला लागली तेव्हा तिचं बोलणं बदललं.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपवणाऱ्या हवदाला विधीत दोन्हीकडे एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, गाणं म्हणतात. लहानपणापासून मलिद्याच्या ताटाशी बसून ऐकलेलं नाव शंभर अनोळखी पोरांच्या तोंडून ऐकल्यावर मुलीला किती बरं वाटलं, हे तिने दोन्ही वर्षी पत्रात लिहिलं. इथे मला डावं-उजवं करता येत नाही.

तिशा बे-आवच्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या उपासाच्या, बाबतीत मात्र करता येतं. सण-उपासांपैकी भर उन्हाळ्यात येणारा तेवढा एकच मोठा दिवस, आणि आपल्याकडे तो बिरड्याचा सण. आदल्या दिवसांपासून वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलत बसायचं, हे ज्यांनी घरी पाहिलं असेल त्यांना तो दिवस सांगावा लागत नाही. रिफॉर्म कॅम्पमध्ये, निदान आम्ही पाहिलं त्या वर्षी, तो दिवस एका छोट्या कार्यक्रमात आटोपला. रामामध्ये रात्री दिवे मंद करून सगळे जमिनीवर बसले आणि विलापगीतांचं वाचन झालं. दुसऱ्या दिवशी मोठी मुलं उपास सोडत असताना आमच्या मुलीने बंकमधल्या, म्हणजे एकत्र झोपायच्या खोलीतल्या, पोरींना बिरड्याबद्दल सांगितलं. त्यातल्या एकीने घरी गेल्यावर तिच्या आईकरवी आमच्याकडून कृती मागवली.

जेवणाचं थोडक्यात. रामा पूर्ण कोशर, म्हणजे धर्माच्या नियमांप्रमाणे, मांसाचं आणि दुधाचं वेगळं. रिफॉर्म कॅम्पांचे नियम जागेगणिक बदलतात, म्हणून फोन करून नेमकं विचारून घ्या. आमच्यासारखी गोमांस न खाणारी बेने इस्रायल घरं अजून आहेत. बर्गरच्या दिवशी दुसरं काय मिळेल हेही विचारा. आम्हाला दोन्हीकडे अडचण आली नाही. घरचा खाऊ मात्र कुठेच चालला नाही. चिवड्याचा डबा गाडीतूनच परत आणावा लागला, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचा विचार केला तर ते योग्यच आहे.

आता ज्या गोष्टीमुळे आमचं ठरलं ती सांगतो. माहितीपत्रकात ती कुठेही लिहिलेली नसते. नाव नोंदवताना एक फॉर्म येतो आणि त्यात विचारतात, बंकमध्ये कोणाकोणाबरोबर राहायचंय? पहिल्या कॅम्पमध्ये तिथे चार-पाच नावं लिहिता येत होती. एकाच उपनगरातल्या, एकाच सिनेगॉगच्या, एकाच हिब्रू शाळेतल्या पोरी एकमेकींची नावं लिहितात, आणि कॅम्पवाले आईबापांना नाराज करत नाहीत. परिणाम असा की आमची मुलगी पोहोचली तेव्हा बंक आधीच ठरलेला होता. खाटा धरलेल्या, दारावरच्या पाटीवर टोपणनावं रंगवलेली, रात्रीच्या गप्पांतले विनोद गेल्या हिवाळ्यातले. कुणीही तिला वाईट बोललं नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. पण ती तिथे पाहुणी होती. "तू कुठल्या सिनेगॉगची?" याला तिच्याकडे जे उत्तर होतं ते कुणालाच ओळखीचं नव्हतं. त्यातून पुढचा प्रश्न यायचा, "भारतात ज्यू असतात?" आणि मग ते सगळं पहिल्यापासून सांगत बसायचं.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न नुसत्या लाजाळूपणाचा नाही. अमेरिकेत आपण इतके थोडे आहोत की फॉर्ममध्ये लिहायला नावच नसतं. आणि तुम्ही खरे ज्यू आहात का, या प्रश्नाचा वळ आपल्या आजी-आजोबांच्या पिढीवर आहे. इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नांवरून वाद झाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारला बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं. अकरा वर्षांच्या मुलीला सुट्टीत, झोपायच्या खाटेवर बसून तेच पुन्हा सिद्ध करावं लागू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्यात सत्र दोन आठवड्यांचं. पहिला आठवडा बुजण्यात गेला, दुसऱ्यात कुठे एक मैत्रीण मिळाली, आणि आम्ही गाडी घेऊन दारात उभे.

रामाच्या ज्या कॅम्पला ती आता जाते तिथे एकच नाव लिहिता येतं आणि सत्र चार आठवड्यांचं आहे. प्रश्न तिथेही विचारले गेले. फरक एवढाच की दहाव्या दिवशी ते संपले आणि पुढचे दिवस तिच्या वाट्याला आले. कौन्सेलर, म्हणजे बंक सांभाळणारी ताई, टेबलावरच्या जागा रोज बदलायची, त्यामुळे कुठला कंपू घट्ट बसायला वावच नव्हता. परत आल्यावर तिने सांगितलेल्या गोष्टींत "त्या" पोरी नव्हत्या, "आम्ही" होतो. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, पण मला ते पुरलं.

हे सगळ्याच रिफॉर्म किंवा सगळ्याच रामा कॅम्पांना लागू होईल असं मी म्हणत नाही. प्रत्येक कॅम्पचा संचालक वेगळा, फॉर्म वेगळा. म्हणून फोनवर पोहण्याच्या तलावाची चौकशी करण्याआधी दोन गोष्टी विचारा. बंकसाठी किती नावं मान्य करता? आणि आमच्या मुलाच्या वयाच्या गटात या वर्षी पहिल्यांदाच येणारी मुलं किती? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस घुटमळला तर मी तरी तिथे नाव नोंदवणार नाही.

पैशांचं ओझं खरं आहे. मुक्कामाच्या कॅम्पला सहसा आठवड्याला हजार डॉलरच्या वर पडतात, त्यामुळे चार आठवड्यांचा आकडा पाहून छाती दडपते. फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्पच्या वन हॅपी कॅम्पर योजनेतून पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला हजार डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. शिवाय सिनेगॉगच्या राब्बायला, म्हणजे धर्मगुरूंना, जरूर विचारा. शिष्यवृत्ती मागण्यात संकोच नको, ती असते ती आपल्यासारख्यांसाठीच.

काही घरांसाठी मात्र मी रिफॉर्मच सुचवेन. वडील ज्यू आणि आई नाही, अशी घरं आपल्यात आता बरीच आहेत. अशा मुलांना ज्यू म्हणून वाढवलं असेल तर रिफॉर्म चळवळ 1983 पासून त्यांना ज्यू मानते. कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ ज्यूपण आईकडूनच धरते. रामाला जायचं असेल तर ही गोष्ट आधी मोकळेपणाने बोलून घ्या, मुलाला तिथे जाऊन कळायला नको. ज्या मुलाचा सगळा जीव फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये आहे त्याच्यासाठी रिफॉर्मचा खेळांना वाहिलेला सिक्स पॉइंट्स कॅम्पही आहे. आणि उन्हाळ्यात मुंबईला जाणं ठरलेलंच असेल तर चार आठवडे काढणार कुठून? अशा वर्षी दोन आठवड्यांचं सत्र घ्या, पण बरोबर एखादं ओळखीचं मूल जाईल असं बघा.

बाकी घरांनी रामाची माहिती आधी काढावी असं माझं मत. जुन्या मुलांची नोंदणी आदल्या पानगळीतच उघडते आणि आमच्याकडे मुलींच्या जागा मुलांच्या आधी भरल्या. त्यामुळे हिवाळ्यातल्या हनुक्का सणापर्यंत थांबू नका, पानगळीतला सुक्कोथ झाला की फोन करा.