ओमरॉन एचईएम-७१२०: रक्तदाबाची गोळी आपल्याला लागू पडली का, हे घरीच बघायला

दंडावर पट्टा बांधून दाब मोजायचं हे साधं यंत्र. चार पेन्सिल सेल, एक बटण. म्हापसा-मडगावच्या औषधांच्या दुकानांत दोन हजारांच्या आसपास मिळतं आणि आमच्या मते घरात असावंच.

इंग्लंडातल्या स्विंडनहून सुट्टीवर आलेल्या गोंयकारांच्या फायलीत तिथला एक नियम दिसतो: मधुमेह नसेल, तर आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या रुग्णाला कुठल्याही वयात आधी अम्लोडिपिनच्या गटातली गोळी; इतरांना ५५ च्या आत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी. यामागे अभ्यास आहेत. अमेरिकेत १९९५ साली निरोगी माणसांच्या हातात आयसोप्रोटेरेनॉल हे रक्तवाहिन्या सैलावणारं औषध सोडून रक्तप्रवाह मोजला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या रक्तवाहिन्या गोऱ्यांपेक्षा कमी सैलावल्या. पण ती सरासरी झाली. समोरच्या एका माणसाचं काय, ते तिच्यावरून कळत नाही. भारतात टॉपस्पिन चाचणीत १,९८१ रुग्णांना दोन-दोन औषधांच्या तीन जोड्यांपैकी एक दिली. सहा महिन्यांनी तिन्ही सारख्याच ठरल्या. तेव्हा आपल्याकडे ‘भारतीयांची गोळी’ शोधत बसू नये, आपला दाब मोजावा.

मोजायचं असं. अम्लोडिपिनचा जम बसायला आठवडाभर लागतो, म्हणून गोळी किंवा डोस बदलल्यावर दोनेक आठवडे थांबा. मग सलग सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजा. आधीचा अर्धा तास चहा-विडी नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर, नळी आतल्या बाजूने खाली. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. लोंबता ठेवला की आकडा वाढतो. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी आपल्या मनाने बदलू नका. पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) सुके बांगडे आणि लोणचं रोज पानात असेल तर तेही त्यांना सांगा: मिठाने दाब चढतो आणि दोष गोळीवर येतो. पाय सुजले तर तेही सांगा. अम्लोडिपिन धमन्या सैलावतं, शिरा तेवढ्या नाही, म्हणून घोट्यात पाणी साठतं. टेल्मिसार्टनची जोड दिली की बहुधा ते कमी होतं.

उणिवा दोन. फक्त शेवटचा आकडा लक्षात राहतो, त्यामुळे वहीला पर्याय नाही. आणि सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडाचा; जाड दंडावर तो आकडा फुगवून दाखवतो, म्हणून आधी टेपने दंड मोजा आणि लागलाच तर मोठा पट्टा मागा. ठोके कायमचे अनियमित असतील त्यांनी या यंत्रावर एकट्यावर विसंबू नये, डॉक्टरांकडून स्टेथोस्कोपने मोजून घ्यावं. पावसाळ्यात यंत्र वापरात नसेल तर सेल काढून ठेवा, आपल्या दमट हवेत पत्र्या गंजतात.