बाराशे लुमेनची डोक्यावरची बॅटरी आणि दोन रुपयांचं बूच: वळवापासून परतीच्या पावसापर्यंत

वॉरंटी नाकारल्याचा मेल वाचून लगेच लिहायला बसलोय, त्यामुळे सूर जरा चढा लागला तर समजून घ्या. खोक्यावर कोसळत्या पावसाचा फोटो छापून विकलेला हेडलॅम्प. त्यात पाणी गेलं, बंद पडला, आणि कंपनी म्हणते, "पाणी गेल्याचे आढळल्याने वॉरंटी लागू होत नाही." मग फोटो कशाला छापला होता?

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना वर्णनावरून कळेलच: बाराशे लुमेन (उजेडाचं माप), एक १८६५० आकाराचा, बाहेर काढता येणारा रिचार्जेबल सेल, पांढरा, पिवळसर आणि लाल असे तीन उजेड, आयपीएक्स७ (पाण्यात टिकण्याचा दर्जा), बाजूला टाइप-सी चार्जिंग. मला ३,४०० ला पडला. बाकी आकडे सगळीकडे आहेत, ते परत सांगत बसत नाही.

वापर कशासाठी, ते मात्र सांगायला पाहिजे. आमची चार-पाच जणांची टोळी पावसाळ्यात रात्री साप आणि बेडूक बघायला जाते. बघायला, पकडायला नाही. साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे हात लावणं, काठीनं उचलणं, फोटोसाठी फांदी वाकवणं, काही नाही. राधानगरी अभयारण्यात रात्री पाय ठेवत नाही. तिथे परवानगी नसते, आणि गवा काही परवानगी विचारत नाही. आमचं रान म्हणजे गगनबावड्याकडे ओळखीच्या एका तात्यांची मालकीची जमीन, तिथला ओढा, भाताचे बांध आणि वस्तीवर जाणारा गाडीरस्ता. पाऊस धो धो चालू असताना फारसं काही मिळत नाही. तो थांबून तास-अर्धा तास झाला, बेडकांनी सूर धरला, की खरी वेळ. बेडूक बाहेर आले की त्यांच्या मागे दिवड, म्हणजे पाण्याकाठचा बेडूकखाऊ साप, येतो. बिळात पाणी शिरल्यावर एरवी मातीतच राहणारा खापरखवल्या सापसुद्धा रस्त्यावर सापडतो.

आता उजेडाबद्दल. इथे कंपनीला पैकीच्या पैकी मार्क, हे भांडण चालू असतानाही लिहितो.

रात्री बाकीचे प्राणी डोळ्यांवरून सापडतात. रातवा, उदमांजर, गवा यांचे डोळे लांबूनच चमकतात. बॅटरी कपाळावर असली तर गवतातल्या कोळ्यांचे डोळेसुद्धा हिरवे ठिपके होऊन दिसतात. सापाचं तसं नाही. त्याच्या डोळ्यात उजेड परत फेकणारा पडदाच नसतो. त्यामुळे साप शोधायचा तो आकारावरून आणि रंगावरून. फांदीला नको तिथे वळण, पानांत न बसणारा हिरवा. हरणटोळ दिवसाचा प्राणी, रात्री झुडपाच्या टोकाला अंग टाकून झोपतो. त्याच्या पोटाकडचा फिकट रंग उजेडात आला की दिवसा समोरून न दिसणारा साप रात्री रस्त्यावरूनही दिसतो. पण उजेडाला रंग दाखवता आला पाहिजे.

स्वस्त बॅटऱ्यांचा निळसर पांढरा उजेड सगळ्या हिरव्यांचा एकच हिरवा करून टाकतो. या लॅम्पचा पिवळसर उजेड तसा नाही. ओढ्याकाठी जांभ्याचा एक मोठा दगड आहे, शेवाळानं भरलेला. पांढऱ्या उजेडात मी त्यावरून दोनदा नजर फिरवली, ओला दगड, बाकी काही नाही. पिवळसर लावला आणि दगडाच्या कडेला मलबार चापडा बसलेला दिसला. डोकं तिकोनी, मान एकदम बारीक, अंगावर तपकिरी चट्टे, शेपटीचा विळखा दगडाच्या खाचेत. पावसाचा एक थेंब त्याच्या पाठीवरून खवल्या-खवल्यांवर अडत खाली आला आणि डोळा व नाकपुडी यांच्यामधल्या खड्ड्याजवळ थांबला. याच खड्ड्यानं तो उष्णता ओळखतो. साप हलला नाही. पुढच्या खेपेला तो त्याच दगडावर होता, फक्त हातभर सरकलेला.

आम्ही त्याच्यापासून चांगलेच लांब उभे होतो. कारण सांगतो. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं असतं. चापड्यावर ते लागू पडत नाही. शिवाय जुलैत मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की कोल्हापूरला यायची वाट बंद. तेव्हा उजेड लांबूनच नीट दिसेल असा पाहिजे, जवळ जाऊन बघायची वेळच येऊ नये.

मण्यार आणि कवड्याचंही तेच. तात्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. घरातली माणसं मण्यार म्हणून हादरलेली. मण्यारीचे पट्टे मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळही असते. निळसर उजेडात चकचकीत अंगावर नुसती चमक दिसते, पट्टा कुठून सुरू झालाय तेच कळत नाही. पिवळसर मंद उजेडात दहा फुटांवरून कळलं: कवड्या, बिनविषारी. तरी पोरांना लांबच ठेवलं.

तात्यांनी विचारलं, "काय किमतीची रं ही बॅटरी?" सांगितली. म्हणाले, "एवढ्यात शेळी आली असती."

लाल उजेडाबद्दल दोन ओळी. जाहिरातीत त्याचं फार कौतुक असतं. त्याच्याकडे किडे कमी येतात हे खरं, आणि पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी तोंडात जायला लागली की त्याची किंमत कळते. पण लाल उजेडात हिरवा साप काळा दिसतो, म्हणजे दिसतच नाही. चहा प्यायला, पिशवीत हात घालायला ठीक.

आणि ते बाराशे लुमेन? बावड्याला रात्री धुकं उतरलं की पूर्ण उजेड लावून बघा. दुधाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं होतं. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच जातो आणि धुक्यावर आपटून तसाच डोळ्यांत परत येतो. हा दोष सगळ्याच हेडलॅम्पचा आहे, याचा एकट्याचा नाही. अशा वेळी लॅम्प काढून कमरेजवळ धरायचा, लगेच दिसायला लागतं. पूर्ण उजेडाचा उपयोग मला एकाच कामाला झाला: गाडीरस्त्यावर पुढे गवा उभा आहे का, हे वळणाआधी बघायला. दिसला तर उजेड खाली करायचा आणि गुपचूप मागं फिरायचं. दोन-तीन मिनिटांत लॅम्प गरम होऊन उजेड आपोआप निम्म्यावर येतो, तेही चालतं.

पट्टा घामानं वास मारतो, धुवा. बटण एकच आहे, आणि चालू करताना दर वेळी पूर्ण उजेडच लागतो, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत. याची सवय होते. बुचाची होत नाही.

बूच म्हणजे चार्जिंगच्या भोकावर बसणारं नखाएवढं रबरी झाकण. ते लॅम्पला एका रबरी पट्टीनं अडकवलेलं आहे, आणि ती पट्टी इतकी बारीक की दर चार्जिंगला वाकवायची म्हणजे भीतीच वाटते. आयपीएक्स७ म्हणजे काय? नवीन वस्तू, झाकण घट्ट लावलेली, स्थिर गोड्या पाण्यात एक मीटर खोल, तीस मिनिटं. झाकण जागेवर आहे तोवर ते सात. झाकण गेलं की तो आकडा खोक्यावर उरतो, लॅम्पमध्ये नाही. सगळा भार ज्या वस्तूवर, ती या लॅम्पमधली सगळ्यात स्वस्त वस्तू. बाराशेऐवजी आठशे लुमेन दिले असते तर कोल्हापुरात कोणी उपाशी राहिलं नसतं. ते पैसे त्या पट्टीत घालायचे होते.

तरण्या पावसात (पुनर्वसू नक्षत्राच्या) पट्टी तुटली. बूच कुठे पडलं, चिखलात शोधूनही मिळालं नाही. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून भोकावर चढवलं. ते पावसाला पुरलं, पण कपाळावरून ओघळणारा घाम आतल्या बाजूनं शिरायचा. मग लॅम्पनं एकेक रंग दाखवायला सुरुवात केली. आधी स्वतःहूनच पांढऱ्याचा लाल, मग लालचा बंद. शेवटी भाताच्या बांधावर, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेडूक गिळत असलेला दिवड, आणि लॅम्प आपोआप लखलख करायला लागला. बटण दाबून थांबेना. सेलच काढावा लागला. बाकीच्यांच्या उजेडात बांध पार केला. दिवडानं जेवण सोडलं नाही, एवढंच समाधान.

कंपनीशी बोलणं असं झालं. मी: बूच पाठवा, पैसे देतो. कंपनी: सुटं बूच मिळत नाही, लॅम्प पाठवा. पाठवला, कुरिअर माझ्या खर्चानं. कंपनी: पाणी गेलंय, वॉरंटी नाही. मी: बूच तुटलं म्हणून गेलंय. कंपनी: बूच तुटणं हे वापरातलं नुकसान आहे. मी: वापरायला नाही तर कशाला घेतला? यावर उत्तर नाही, नवीन लॅम्पवर पंधरा टक्के सवलतीचं कूपन आलं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, ज्यांना दम आहे त्यांनी जरूर लढावं. मी तेवढं ताणलं नाही.

इथपर्यंतचं गणपतीच्या आधी लिहून ठेवलं होतं, शेवटी "घेऊ नका" असं मोठ्या अक्षरांत. पुढचं दसऱ्यानंतरचं.

लॅम्प कंपनीकडून परत आला तसाच कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं चार स्क्रू काढले, भिंगाखाली धरला आणि मला दाखवला. चार्जिंगच्या पिना हिरव्या पडलेल्या, बाजूला पांढरी पूड.

"मालक, बूच कुठाय?"

"त्याच्यावरनंच तर भांडण चाललंय."

त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं पिना घासल्या, गरम हवा मारली, सेल घातला. लॅम्प लागला. मग म्हणाला, "सेल बाहेर निघतोय की याचा. मग हे भोक पाहिजेच कशाला? बुजवून टाकू का?"

बुजवलं. सिलिकॉन लावलं, पण व्हिनेगरचा वास येणारं नाही. ते तांब्याला खातं. न्यूट्रल म्हणून मागायचं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. सेल घालायच्या झाकणाच्या रबरी रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. सगळे मिळून दीडशे रुपये घेतले. वेगळा चार्जर सहाशेला आणला आणि चांगल्या कंपनीचा ३,००० एमएएचचा एक जादा सेल. बाजारात ९,९०० एमएएच छापलेले स्वस्त सेल दिसतील, त्यांच्या नादाला लागू नका. या आकाराचा चांगला सेल साधारण साडेतीन हजार एमएएचपर्यंतच जातो.

हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या पावसात लॅम्प भिजला, ओढ्यात पडला, तात्यांच्या नातवानं बादलीत बुडवून पाहिला. काहीही झालं नाही. वर एक फायदा असा झाला की सेल संपला तर वाटेतच बदलता येतो, चार्जिंगला लावून वाट बघायला नको. थोडक्यात, कंपनीनं जे भोक सोय म्हणून दिलं, ते बंद केल्यावर लॅम्प खोक्यावर लिहिल्यासारखा चालायला लागला. "घेऊ नका" खोडलं.

उजेडाला पाचपैकी पाच. बुचाला शून्य. सर्व्हिसला शून्याच्या खाली द्यायची सोय नाही. घ्यायचाच असेल तर आल्याबरोबर, पहिल्या पावसाच्या आधीच, भोक बुजवून टाका. वॉरंटी जाईल, पण ती तशीही नव्हतीच.

पंधरा टक्क्यांचं कूपन माझ्याकडे पडून आहे, डिसेंबरअखेर चालतं. मी वापरणार नाही. कोणाला पाहिजे असेल तर सांगा.